गिअरचा दांडा आणि चालकाचा हात

यंत्राशी माणसाची तोंडओळख डोळ्यांनी होते. परंतु त्याचा खरा परिचय घडतो तो हातांना. जात्याला टाकी लावण्याची वेळ झाली आहे, हे पीठ भरड पडण्याआधीच दळणाऱ्या बाईच्या हाताला कळत असे. रहाटाच्या कण्याला तेल हवे आहे, हे पाणी ओढणाऱ्याच्या मनगटाला सर्वांत आधी समजे. मोटारगाडीच्या बाबतीत ही बातमी चालकाच्या हाती पोहोचविण्याचे काम गिअरचा दांडा करतो. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांच्या पोटात काय चालले आहे, याचा निरोप या एका दांड्यावाटे तळहातापर्यंत येतो. हा निरोप स्पष्ट असेल तर गाडी हाकणे हा आनंद असतो. तो अस्पष्ट झाला की चालक चाचपडू लागतो आणि चाचपडणारा हात यंत्राचे नुकसान केल्यावाचून राहत नाही.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना एक दृश्य सहज आठवेल. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या त्या गाडीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या चाकाखाली बसविलेला असे. गाडी जुनी झाली म्हणजे चालक तो दांडा आधी थोडा हलवून पाही, मग किंचित उचली, एखादा हिसका देई आणि तेव्हा कुठे गिअर पडे. दुसऱ्याच्या टॅक्सीत नवा माणूस बसला तर त्याला प्रत्येक गिअरचा पत्ता नव्याने शोधावा लागे. २०२३ साली यातील शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. त्या दांड्यातील ढिलाईचे कारण बहुधा गिअरबॉक्समध्ये नसे. दांडा आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या लहानसहान सांध्यांत ते दडलेले असे. गंमत अशी की, जगातील अत्यंत नावाजलेल्या एका स्पोर्ट्स गाडीच्या मालकांची तक्रारही जवळजवळ हीच आहे. ती गाडी म्हणजे जर्मनीतील स्टुटगार्ट येथे तयार झालेली पोर्शे ९११.

ही गाडी १९६३ साली फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली आणि १९६४ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. तिचे मूळ नाव ९०१ असे होते. पण मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे ते ९११ करण्यात आले. या गाडीचे वैशिष्ट्य असे की, तिच्या जुन्या मॉडेलांत हवेने थंड होणारे सहा सिलिंडरांचे इंजिन मागील आसाच्याही मागे बसविलेले असते आणि त्याच्या पुढे, म्हणजे प्रवाशांच्या बाजूला, गिअरबॉक्स असतो. चालक मात्र पुढे बसतो. जुन्या पद्धतीच्या साध्या गाडीत गिअरबॉक्स चालकाच्या जवळपास असल्यामुळे दांडा पुष्कळदा थेट त्यात शिरलेला असे. ९११ मध्ये दांडा एकीकडे आणि गिअरबॉक्स दुसरीकडे, अशी स्थिती आहे. या दोहोंमधील अंतर एका लांब सळईने जोडलेले आहे आणि या गाडीच्या गिअरची सारी कथा त्या सळईच्या दोन टोकांशी घडते.

या रचनेची माहिती थोडी तपशिलाने करून घेतली पाहिजे. दोन आसनांच्या मधून जमिनीलगत एक बोगदा जातो. त्यावर गिअरच्या दांड्याची बैठक असते. दांडा एका गोलाकार सांध्यावर डुलतो आणि त्याचे खालचे टोक बोगद्यातील सळईच्या वाटीत बसलेले असते. त्या वाटीत प्लॅस्टिकचे एक लहान आवरण, म्हणजे कारागीर ज्याला बुश म्हणतात ते, घातलेले असते. सळई बोगद्याच्या आत आणखी एका बुशातून सरकत मागे जाते. मागच्या टोकाला एक कपलिंग असते. त्यातही प्लॅस्टिकचे बुश असतात आणि त्या कपलिंगच्या पलीकडे गिअरबॉक्समधून बाहेर आलेला दंड एका निमुळत्या स्क्रूने पक्का केलेला असतो. चालकाने दांडा पुढे-मागे केला की सळई मागे-पुढे सरकते. दांडा डावी-उजवीकडे नेला की तीच सळई स्वतःभोवती थोडी फिरते. सरकणे आणि फिरणे या दोनच हालचालींतून पाच पुढचे गिअर आणि एक रिव्हर्स, असे सहा निरनिराळे हुकूम गिअरबॉक्सला पोहोचवावे लागतात.

सरकारी कामकाजाशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना या रचनेतील अडचण चटकन उमगेल. वरिष्ठांनी काढलेला स्पष्ट हुकूम पाच टेबलांवरून खाली जातो. प्रत्येक टेबलावर त्याचा एखादा शब्द सैल होतो. एकाही कारकुनाची चूक मोठी नसते. पण गावच्या चावडीवर पोहोचेपर्यंत मूळ हुकूम ओळखू येत नाही. गिअरच्या दांड्याचेही तसेच आहे. कारागीर ज्याला ‘प्ले’ म्हणतात, तो सैलपणा प्रत्येक सांध्यात अत्यल्प असतो. परंतु त्याची बेरीज होते आणि पुढे तिचा गुणाकारही होतो.

हा गुणाकार तरफेच्या नियमाने होतो. समजा, दांड्याचा टेकूच्या वरचा भाग खालच्या भागाच्या पाचपट लांब आहे. खालच्या बाजूला असलेल्या चार सांध्यांत प्रत्येकी अर्धा मिलिमीटर सैलपणा आला, तर एकूण सैलपणा दोन मिलिमीटर होईल. हाताच्या मुठीपाशी मात्र तो पाचपट, म्हणजे पूर्ण एक सेंटिमीटर जाणवेल. दांडा हलतो, पण गाडीला त्याची वार्ता नाही, अशी ही मोकळी हालचाल होय. गाडी नवी असताना जो दांडा एका ठराविक जागी निश्चितपणे थांबत असे, तोच आता ताकातल्या रवीसारखा चहूकडे फिरू लागतो. ‘गिअरबॉक्स गेला’ असा निष्कर्ष मालक काढतो तो येथेच. वस्तुतः गिअरबॉक्स शाबूत असतो. गेलेले असतात ते बोटाच्या पेराएवढे प्लॅस्टिकचे बुश.

हा प्रश्न केवळ सुखसोयीचा असता तर त्याचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु त्यात एक खरा धोका आहे. १९७२ सालच्या मॉडेलपासून ९११ मध्ये ९१५ या क्रमांकाचा गिअरबॉक्स बसविण्यात आला आणि १९८६ च्या मॉडेलपर्यंत तो कायम राहिला. त्याच्या मांडणीत पहिला गिअर डावीकडे पुढे, दुसरा त्याच्या थेट मागे आणि तिसरा मधल्या रांगेत पुढे असतो. म्हणजे दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा पुढे नेत असतानाच एक रांग उजवीकडे सरकवावा लागतो. सांधे सैल असतील तर हात उजवीकडे जातो, पण सळई पुरेशी फिरत नाही. आणि दांडा पुढे रेटला की तो तिसऱ्याऐवजी पहिल्यात शिरू पाहतो. या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरचे प्रमाण सुमारे ३.१८ आणि दुसऱ्याचे सुमारे १.८३ आहे. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असताना गाडी चुकून पहिल्यात पडली आणि क्लच सोडला गेला, तर चाके इंजिनाला सुमारे ८,७०० फेऱ्यांपर्यंत ओढून नेतील. या इंजिनांची सोसण्याची मर्यादा सात हजारांच्या आसपास आहे. त्यापलीकडे व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा वेळेवर मिटू शकत नाहीत, व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची टक्कर होते आणि एका क्षणात इंजिनाची माती होते. काही रुपयांचा बुश झिजल्यामुळे लाखोंचे इंजिन जावे, असा हा प्रकार आहे.

याच्या उलट चूकही तितकीच महाग पडते. कधीकधी दोष खरोखरच गिअरबॉक्सच्या आत असतो आणि मालक बाहेरचे बुश बदलून दांडा घट्ट झाल्याच्या समाधानात राहतो. तो घट्ट दांडा मग आतल्या झिजलेल्या भागावर अधिक नेमकेपणाने घाव घालू लागतो. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी दोष बाहेर आहे की आत, याची चौकशी झाली पाहिजे. आणि ती करावयाची तर गिअर पडतो म्हणजे काय होते, हे ठाऊक असले पाहिजे.

आधुनिक गिअरबॉक्समध्ये पुढच्या गिअरांच्या चक्रांचे दाते सदैव एकमेकांत गुंतलेलेच असतात. प्रत्येक जोडीतील एक चक्र दंडावर मोकळे फिरत असते. गिअर टाकणे म्हणजे त्या मोकळ्या चक्राला दंडाशी जखडणे. हे काम एक सरकते कडे करते. त्याच्या आतील दाते चक्राच्या बाजूच्या लहान दात्यांत शिरतात. पण कडे आणि चक्र यांचा वेग निराळा असेल तर दाते एकमेकांवर आपटून किरकिर होईल. म्हणून दोघांच्या मध्ये घर्षणाने वेग सारखा करणारी एक रिंग बसविलेली असते. या योजनेस सिंक्रोमेश म्हणतात. वेग सारखा होईपर्यंत ही रिंग कड्याला अडवून धरते आणि वेग जुळताच वाट मोकळी करते. चांगल्या गिअरमध्ये हाताला जो क्षणभराचा नम्र विरोध आणि त्यानंतरची सुटका जाणवते, ती याच घटनेची खूण होय.

पोर्शे कंपनीने या कामासाठी स्वतःची एक निराळी रिंग योजली होती आणि १९५२ पासून ती आपल्या ३५६ या गाडीत वापरली. ही रिंग एका जागी चिरलेली, स्प्रिंगसारखी फाकणारी असते. वेगात फरक असेपर्यंत आतील छोट्या पट्ट्या तिला बाहेरच्या बाजूस दाबून धरतात, त्यामुळे कड्याची वाट बंद राहते. वेग जुळला की दाब सुटतो, रिंग मिटते आणि कडे पुढे जाते. ही योजना इतकी गुणकारी ठरली की, इटलीच्या आल्फा रोमिओसारख्या कंपन्यांनीही ती उचलली. तिचा स्वभाव मात्र शांत आहे. तिला आपले काम करण्यास थोडा अवधी लागतो. घाईने रेटणाऱ्या हाताला ती प्रथम विरोध करते, मग झिजते आणि शेवटी विरोध करणेच सोडून देते. पुढे १९८७ च्या मॉडेलपासून ९११ मध्ये जी-५० हा गिअरबॉक्स आला. त्यात बोर्ग-वॉर्नर पद्धतीच्या रिंगा होत्या आणि क्लचही तारेऐवजी तेलाच्या दाबाने चालू लागला. त्यामुळे जुन्या ९१५ ला ‘जड’ आणि ‘हट्टी’ अशी विशेषणे लागली. ती पूर्णपणे न्याय्य नाहीत. नीट राखलेला ९१५ हट्टी नसतो. तो फक्त घाई खपवून घेत नाही.

आता चौकशीकडे वळता येईल. तिला महागडी उपकरणे लागत नाहीत. क्रम तेवढा सांभाळावा लागतो. प्रथम इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सर्व गिअर टाकून पाहावेत. इंजिन बंद असतानाही दांडा अडत असेल किंवा गिअरची जागा सापडत नसेल, तर दोष बहुधा बाहेरच्या सळईत, बुशांत अथवा त्यांच्या जुळणीत आहे. बंद इंजिनावर गिअर सहज पडतात आणि इंजिन चालू होताच अडतात, असे असेल तर क्लचकडे पाहावे. चालत्या गाडीत एकच विशिष्ट गिअर किरकिरत असेल, उदाहरणार्थ फक्त दुसरा, तर त्या गिअरची सिंक्रोमेश रिंग झिजली आहे असे समजावे. सर्वच गिअर किरकिरत असतील, तर सगळ्या रिंगा एकदम झिजण्यापेक्षा क्लच पूर्ण सुटत नसण्याचा संभव अधिक.

क्लचची परीक्षा रिव्हर्स गिअरने उत्तम होते, कारण ९१५ च्या रिव्हर्सला सिंक्रोमेश नाही. गाडी उभी असताना क्लच पूर्ण दाबावा, पाच-सहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. क्लच नीट सुटत असेल तर तेवढ्या वेळात गिअरबॉक्सचा दंड थांबलेला असतो आणि रिव्हर्स निमूटपणे पडतो. तरीही खरखर झाली, तर क्लच दंडाला ओढत आहे. ९१५ बसविलेल्या गाड्यांत क्लच तारेने चालतो. ती तार सैल पडते, पेडलच्या आसावरील बुश झिजतात आणि पाय जमिनीला टेकला तरी क्लच पूर्ण सुटत नाही. अशा वेळी गिअरचा दांडा कितीही सुधारला तरी उपयोग नाही. दोष हाताचा नसून पायाचा असतो.

त्यानंतर तेलाची पाळी येते. या गिअरबॉक्समध्ये सुमारे ३ लिटर तेल मावते आणि ते वर्षानुवर्षे बदलावयाचे राहून जाते. तेल काढताना खालच्या बुचावरील चुंबक नीट पाहावा. त्यावर काळसर, मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज समजावी. परंतु धातूचे तुकडे किंवा दात्यांच्या कपच्या आढळल्या, तर बाहेरची दुरुस्ती थांबवून गिअरबॉक्स उघडण्याची तयारी करावी. नवे तेल निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच असावे. सर्वांत निसरडे तेल ते सर्वांत चांगले, हा समज येथे चुकीचा ठरतो. सिंक्रोमेशचे सारे काम घर्षणावर चालते. तेल फार निसरडे असेल तर रिंग चक्राला पकडूच शकत नाही. थंडीच्या सकाळी तेल दाट असल्यामुळे दांडा जड लागणे मात्र स्वाभाविक आहे. पहिले काही किलोमीटर गाडी सावकाश हाकावी, हाच त्यावरचा उपाय.

क्लच आणि तेल निर्दोष ठरल्यावर बुशांना हात घालावा. मागच्या कपलिंगपर्यंत पोहोचण्यासाठी गाडीच्या खाली जावे लागत नाही. मागील आसनांच्या मधोमध, गालिच्याखाली, बोगद्यावर एक झाकण असते. ते काढले की कपलिंग समोर येते. एकाने पुढे बसून दांडा सावकाश हलवावा आणि दुसऱ्याने मागे वाकून पाहावे. पुढची सळई हलली, पण गिअरबॉक्सकडचा दंड क्षणभर उशिरा हलला, तर तो उशीर म्हणजेच झिजलेला बुश. पुष्कळदा या ठिकाणी प्लॅस्टिकचा केवळ पिवळा भुगा उरलेला असतो. तो निमुळता स्क्रूही तपासावा. तो सैल झाला असेल तर नवे बुश घालूनही काही साधत नाही. त्याचप्रमाणे दांड्याच्या खालच्या टोकाची वाटी आणि बोगद्यातील सळईचा बुश पाहावा. जुने ग्रीस वाळून मेणासारखे झालेले असते. ते पुसून टाकून नवे, बेताचे ग्रीस लावावे. केवळ एवढ्यानेच दांड्याची जडता निम्मी कमी झाल्याचा अनुभव येतो.

एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून एकच जड गठ्ठा असतो आणि तो रबरी आधारांवर टांगलेला असतो. हे रबर कालांतराने दबते व तडकते. मग वेग वाढविताना वा कमी करताना सारा गठ्ठा जागचा हलतो आणि गिअरबॉक्स सळईपासून किंचित दूर वा जवळ होतो. उभ्या गाडीत उत्तम वाटणारा दांडा रस्त्यावर बिघडतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

बुश बदलल्यानंतर जुळणी करावी लागते. सळई आणि कपलिंग यांच्यामधील पकड सैल केली की पुढचा दांडा व मागचा दंड एकमेकांपासून स्वतंत्र होतात. दोघांनाही न्यूट्रलमध्ये, पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत आणून ती पकड पुन्हा आवळावयाची असते. वाक्यात सोपे वाटणारे हे काम हाताला मात्र कठीण जाते, कारण पकडीतील एखाद्या अंशाचा फरक दांड्याच्या टोकाशी रांग चुकवू शकतो. एका बाजूचे गिअर सहज पडावेत आणि दुसऱ्या बाजूचे अडावेत, अशी स्थिती आली तर फिरण्याची जुळणी चुकली आहे. पुढचे तीन गिअर पुरते बसावेत आणि मागचे अर्धवट राहावेत, तर सरकण्याची. ही खूणगाठ लक्षात ठेवली म्हणजे अंदाजाने चाचपडावे लागत नाही. दर खेपेस एकच बदल करावा, गाडी फिरवून आणावी आणि मगच दुसऱ्या बदलाचा विचार करावा. एकाच दिवशी पाच भाग बदलणाऱ्याला गुण कशाने आला आणि दोष कशाने गेला, हे कधीच कळत नाही.

या टप्प्यावर एक मोह मालकाच्या वाटेत उभा राहतो. बाजारात असे सुधारित दांडे मिळतात की, ज्यांच्या योगाने हाताला कमी अंतर चालावे लागते. टेकूची जागा बदलून हे साधलेले असते. परंतु तरफ कुणाला काही फुकट देत नाही. हालचाल तीन-चतुर्थांश झाली, तर जोर चार-तृतीयांश लागतो. हात जेवढा अंतरात वाचवितो, तेवढे बळात फेडतो. शिवाय शांतपणे काम करणाऱ्या त्या पोर्शे रिंगेला आता पूर्वीपेक्षा कमी वेळ मिळतो. सांधे निर्दोष असलेल्या आणि जपून चालविलेल्या गाडीत असा दांडा शोभेल. झिजलेल्या बुशांवर तो बसविणे म्हणजे भिंतीतील ओल न काढता तिच्यावर रंग देणे होय. प्लॅस्टिकऐवजी पितळी किंवा कठीण धातूचे बुश घालण्याचाही हाच हिशेब आहे. त्यांनी दांडा नेमका होतो हे खरे. पण इंजिनाची थरथर आणि गिअरचा गुणगुणाट जो मऊ बुश वाटेतच गिळून टाकीत असे, तो आता थेट हाताशी येतो. मूळ रचनाकारांनी प्लॅस्टिक निवडले ते केवळ काटकसरीपोटी नव्हे, चालकाच्या शांततेसाठीही.

यंत्र ठीक झाल्यावर सुधारणेचा एक भाग शिल्लक राहतो आणि तो चालकाच्या सवयीचा आहे. ९१५ च्या जुन्या जाणत्या चालकांची एक रीत आहे. उभ्या गाडीत पहिला गिअर टाकण्यापूर्वी ते दांडा अलगद दुसऱ्याकडे नेतात आणि मग पहिल्यात आणतात. दुसऱ्या गिअरची रिंग गिअरबॉक्सचा फिरता दंड थांबविते, त्यामुळे पहिल्या गिअरची रिंग झिजण्यापासून वाचते. तसेच, गिअर बदलताना ते दांड्याची मूठ आवळून धरीत नाहीत. तळहाताने तिला दिशा दाखवितात, रिंगेचा विरोध जाणवला की तेथे क्षणभर थांबतात आणि वाट मोकळी होताच दांडा पुढे जाऊ देतात. दोन बदलांच्या मधला हा क्षणाचा विराम म्हणजे वाया गेलेला वेळ वाटतो. पण त्याच क्षणात दोन निराळ्या वेगांनी फिरणारी चक्रे एकमेकांशी जुळत असतात.

एवढे सारे करूनही एखादा गिअर किरकिरतच राहिला, तर मात्र गिअरबॉक्स उघडण्यास पर्याय नाही. ते काम महाग आहे आणि जाणत्या हातांचेच आहे. परंतु आधीची चौकशी पूर्ण झालेली असेल, तर तो खर्च आंधळेपणाने होत नाही. शिवाय वेळीच उघडलेल्या गिअरबॉक्समध्ये बहुधा रिंगाच बदलाव्या लागतात. किरकिरत चालविलेल्या गिअरबॉक्समध्ये कड्याचे आणि चक्राचे दातेही बोथट होऊन जातात आणि मग खर्चाला सीमा राहत नाही.

आज जगभर तयार होणाऱ्या गाड्यांतून हाताने टाकावयाचे गिअर झपाट्याने कमी होत आहेत. स्वयंचलित आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांना या साऱ्या खटाटोपाची गरजच उरलेली नाही, आणि त्यात खेद करण्यासारखे काही नाही. परंतु जी जुनी यंत्रे अद्याप चालती आहेत, त्यांची राखण करताना ‘सुधारणा’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. झिजलेला सांधा भरून काढणे, वाळलेले ग्रीस पुसणे, सुटलेली जुळणी परत आणणे, ही कामे यंत्राला नवे काही देत नाहीत. रचनाकाराने एकेकाळी त्याला जे दिले होते, तेवढेच परत करतात. अशा गाडीत बसून चालक दांड्यावर हात ठेवतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हाताला क्षणभर हलका विरोध जाणवतो, मग वाट मोकळी होते आणि दांडा आपल्या जागी जाऊन थांबतो. मीटरभर मागे, धातूच्या पेटीत, त्याच क्षणी दोन चक्रांचा वेग जुळलेला असतो. आणि ती गोष्ट चालकाला कळते, ती त्याच्या तळहाताला.